डिकीचा चष्मा: ऑटिझमच्या इतिहासात आई-बाबा आरोपीचे शिक्षक कसे झाले

आज गोष्ट एका चष्म्याची आहे.

१९६० च्या दशकाची सुरुवात. अमेरिकेतलं वॉशिंग्टन राज्य. तिथल्या एका सरकारी मनोरुग्णालयात साडेतीन वर्षांचा एक मुलगा दाखल होता. संशोधकांनी पेपरमध्ये त्याला डिकी म्हटलंय. डिकीला ऑटिझम होता, म्हणजे मराठीत आपण ज्याला स्वमग्नता म्हणतो ते. शिवाय मोतीबिंदूमुळे त्याच्या डोळ्यांतली भिंगं काढावी लागली होती. चष्मा लावला नाही तर नजर कायमची जाणार, असं डॉक्टर सांगत होते. आणि डिकी चष्म्याला हातही लावू देत नव्हता. रात्र रात्र झोपायचा नाही, डोकं आपटायचा, स्वतःचा चेहरा ओरबाडायचा. घरचे थकून गेले होते.

मग तिथे तीन मानसशास्त्रज्ञ आले: मॉन्ट्रोझ वुल्फ, टॉड रिस्ली आणि हेडन मीस. त्यांनी डिकीच्या मनात खोल काय दडलंय वगैरे शोधलं नाही. त्यांनी चष्म्याचं काम बारीक बारीक तुकड्यांत तोडलं. आधी नुसत्या रिकाम्या फ्रेम खोलीत ठेवल्या. फ्रेम हातात घेतली की खाऊ. ती धरून इकडेतिकडे फिरला की खाऊ. डोळ्यांच्या दिशेने नेली की खाऊ. सुरुवातीला हे फारसं चाललं नाही, कारण गोळ्या-चॉकलेटचं डिकीला विशेष कौतुक नव्हतं. मग त्यांनी जेवणाचे घासच बक्षीस केले. आज वाचताना इथे जरा अडखळायला होतं, आणि ते बरोबरच आहे. त्या मुद्द्याकडे मी परत येणार आहे. पण शेवटी डिकी दिवसाला जवळजवळ १२ तास चष्मा लावायला लागला.

१९६४ मध्ये हा पेपर छापून आला. वर्तन विश्लेषणाच्या, म्हणजे आज ज्याला एबीए म्हणतात त्याच्या इतिहासात तो मैलाचा दगड मानला जातो. बहुतेक जण खाऊची गोष्ट लक्षात ठेवतात. मला मात्र त्यातली दुसरी गोष्ट मोठी वाटते. या लोकांनी डिकीच्या आई-बाबांना वॉर्डमध्ये बोलावलं, मुलाला कसं झोपवायचं, थयथयाट झाला तर काय करायचं, हे समोर करून दाखवलं, त्यांच्याकडून करून घेतलं, आणि मग मुलगा घरी पाठवला. सहा महिन्यांनी आईने कळवलं, की चष्मा लावतोय, झोपतोय, बोलणं वाढतंय.

आता तुम्ही म्हणाल, आई-बाबांना शिकवलं, यात काय एवढं? त्यासाठी वीस वर्षं मागे जावं लागेल.

१९४३ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधले डॉक्टर लिओ कॅनर यांनी ११ मुलांचं वर्णन लिहिलं आणि ऑटिझम हे निदान म्हणून जगासमोर आलं. हे जन्मजात असावं असं त्यांनी त्यातच म्हटलं होतं. पण पालक थंड, भावनाशून्य वाटतात, अशीही नोंद केली होती. पुढच्या काही वर्षांत ही दुसरी नोंदच डोक्यावर बसली. शब्द रूढ झाला ‘रेफ्रिजरेटर मदर’. फ्रिजसारखी आई! शिकागोमध्ये ब्रूनो बेटलहाइम मुलांची निवासी शाळा चालवायचे. स्वतः नाझी छळछावणीतून सुटून आलेला हा माणूस. १९६७ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी ऑटिस्टिक मुलाच्या अवस्थेची तुलना छावणीतल्या कैद्यांशी केली. आता मुलगा कैदी, तर पहारेकरी कोण? तर आई. आणि उपाय? मुलाला आई-बाबांपासून लांब ठेवा.

म्हणजे विचार करा. तुमचं मूल बोलत नाही, तुम्ही रात्रभर जागताय, आणि तज्ज्ञ सांगतोय की तुम्ही प्रेम केलं नाही म्हणून हे झालं.

या सिद्धांताला सुरुंग लावला तो एका बापाने. बर्नार्ड रिमलँड, अमेरिकन नौदलात मानसशास्त्रज्ञ. स्वतःचा मुलगा ऑटिस्टिक. त्याने सापडेल ते संशोधन वाचून काढलं आणि १९६४ मध्ये पुस्तक लिहिलं: ऑटिझम हा शरीराचा, मेंदूचा प्रश्न आहे, आईच्या मायेचा नाही. प्रस्तावना कोणाची? कॅनरची! पुढच्याच वर्षी, १९६५ मध्ये, रिमलँड आणि इतर पालकांनी मिळून राष्ट्रीय संघटना उभी केली. १९६९ मध्ये याच संघटनेच्या सभेत कॅनर यांनी पालकांना जाहीरपणे दोषमुक्त केलं.

आणि याच रिमलँडने पालकांमध्ये वर्तन विश्लेषणाचा जोरात प्रचार केला. का? कारण ही पद्धत ‘दोष कोणाचा’ हा प्रश्नच विचारत नाही. ती तीन प्रश्न विचारते. आधी काय घडलं? मुलाने काय केलं? त्यानंतर त्याला काय मिळालं?

उदाहरण घ्या. किराणा दुकानात मूल जमिनीवर लोळण घेतं. लोक बघतात. आई घाईघाईत चॉकलेट देते. मूल शांत. आईला वाटतं सुटलो. पण मूल काय शिकलं? लोळण घेतली की चॉकलेट मिळतं. आणि गंमत म्हणजे आईसुद्धा शिकली, की चॉकलेट दिलं की आवाज थांबतो. दोघांनी एकमेकांना शिकवलं. यात कोणी वाईट नाही. आणि पुढच्या वेळी चॉकलेट बंद केलं तर? रडणं लगेच कमी होत नाही, आधी वाढतं. हे आधी सांगितलं नसेल तर कोणतेही आई-बाबा तिसऱ्या मिनिटाला हार मानतील. शिकवण्याचा मोठा भाग हाच असतो, की पुढे काय होणार हे आधी माहीत असणं.

मी स्वतः सॉफ्टवेअरमध्ये आहे, आणि आमच्याकडे मशीनला बक्षीस देऊन शिकवायची एक शाखाच आहे. तिथला पहिला धडा असा, की मशीन तुम्हाला हवं ते शिकत नाही, तुम्ही ज्याला बक्षीस देता ते शिकतं. त्यामुळे खरी कठीण गोष्ट शिकवणं नसून कशाला बक्षीस द्यायचं हे ठरवणं असते. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा इतिहास त्यावरच अडकलाय.

पुढचं पात्र म्हणजे इव्हार लोव्हास. मूळचे नॉर्वेचे, लॉस एंजेलिसच्या यूसीएलएमध्ये प्राध्यापक. १९७३ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी २० मुलांचा पाठपुरावा छापला. उपचार संपल्यावर ही मुलं पुढे कशी आहेत? निकाल स्पष्ट होता. जी मुलं संस्थेत परत गेली, ती शिकलेलं विसरली. ज्यांच्या आई-बाबांना शिकवलं होतं, ती मुलं टिकून राहिली, पुढेही गेली. दहा वर्षांपूर्वी ज्या आईपासून मूल लांब ठेवा म्हणत होते, तीच आई आता उपचाराचा सगळ्यात पक्का भाग ठरली!

मग १९८७. लोव्हास यांचा सगळ्यात गाजलेला अभ्यास. १९ लहान मुलं, आठवड्याला ४० तास, दोन वर्षं किंवा जास्त, आणि त्यात पालक सामील. त्यांच्या म्हणण्यानुसार १९ पैकी ९ मुलं सर्वसाधारण शाळेत पहिलीत बसली आणि त्यांचा बुद्ध्यंकही सर्वसाधारण होता. मुलांचे गट चिठ्ठ्या टाकून केलेले नव्हते, म्हणून या आकड्यावर खूप वाद झाले. पण पालकांच्या कानावर फक्त आशा पोचली.

आता इथे थांबून दोन हिशेब करू.

पहिला हिशेब तासांचा. आठवड्याला ४० तास म्हणजे पूर्ण वेळची नोकरी. विद्यापीठात ते विद्यार्थी करतात. घरी कोण करणार? तुम्हाला उत्तर माहीत आहे. आई. म्हणजे आरोप गेला, पण ओझं आलं. आणि मूल अपेक्षेइतकं पुढे गेलं नाही, तर ‘तू तास कमी केलेस’ असं म्हणायची सोय झाली. फ्रिजवाला दोष मागच्या दाराने परत घरात.

दुसरा हिशेब बक्षीस आणि शिक्षेचा. लोव्हास यांच्या प्रयोगशाळेत १९६० च्या दशकात मुलांना विजेचे झटके दिले गेले. १९६५ मध्ये लाइफ मासिकाने थपडांचे फोटो छापले. १९८७ च्या अभ्यासातसुद्धा जोरात ‘नो’ म्हणणं आणि मांडीवर चापट मारणं होतं. आणि ध्येय काय? मूल इतर मुलांपेक्षा वेगळं दिसू नये. मग हात फडफडवणं बंद करा, डोळ्यांत डोळे घालून बघायला लावा. हात फडफडवून मुलाचं काय नुकसान होत होतं? बऱ्याचदा काहीच नाही. बघणाऱ्याला अवघड वाटत होतं, एवढंच.

हे बोलणारे लोक पुढे आले ते स्वतः ऑटिस्टिक असलेले. १९९३ मध्ये जिम सिंक्लेअर यांनी थेट पालकांना उद्देशून एक निबंध लिहिला. आशय असा, की आमच्यासाठी शोक करू नका, तुमच्या मनातलं मूल आलं नाही याचं दुःख वेगळं ठेवा आणि जे मूल समोर आहे त्याला भेटा. त्यानंतर हा आवाज वाढतच गेला. एबीएमधून गेलेल्या अनेक मोठ्या माणसांनी सांगितलं, की आम्ही सतत दुसऱ्याला खूश करायला शिकलो, नाही म्हणायला शिकलोच नाही.

शास्त्राच्या आतूनही बदल होत होते. १९८५ मध्ये एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड यांनी दाखवलं, की मुलाचा थयथयाट बऱ्याचदा निरोप असतो. काम अवघड आहे, किंवा माझ्याकडे बघा. त्याला ‘मदत करा’ म्हणायची सोय शिकवली, की थयथयाटाची गरजच कमी होते. १९७३ च्या पेपरातले एक सहलेखक रॉबर्ट केगल पुढे टेबल-खुर्ची सोडून खेळाकडे वळले. मुलाला जे आवडतं तिथून सुरुवात, आणि पालक खेळता खेळता शिकवणार.

आणि ही कल्पना आपल्या अंगणातही आली. २०१६ मध्ये लॅन्सेट सायकिअॅट्री या नियतकालिकात एक अभ्यास आला, गोवा आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीतून. ६५ मुलं. तज्ज्ञ डॉक्टर नाहीत, तर प्रशिक्षण दिलेले आरोग्य कार्यकर्ते आई-बाबांसोबत बसले. पालक-मुलाच्या खेळाचा व्हिडिओ एकत्र बघायचा: इथे बघा, त्याने तुमच्याकडे पाहिलं, आता तुम्ही थांबा, त्याला वेळ द्या. ही पद्धत एबीए नाही, संवादावर आधारलेली आहे. पण घरच्यांना शिकवायचं, हा धागा तोच. निकाल मिश्र होते. पालक मुलाच्या कलाने जास्त प्रतिसाद द्यायला लागले, मुलं आपणहून जास्त संवाद साधायला लागली, पण दोघांचं एकत्र लक्ष असण्याचा वेळ मात्र घटला. मला यातली दिशा महत्त्वाची वाटते. इथे आधी बदलायचं होतं मोठ्यांनी.

तर मग एबीए चांगलं की वाईट? माझं मत सांगतो. आई-बाबांच्या हातात हे ज्ञान देणं ही मोठी आणि न्यायाची गोष्ट होती. पण तंत्र हातात आलं म्हणजे ध्येय आपोआप बरोबर होत नाही. डिकीला भुकेचा वापर करून शिकवलं, ते आज कोणी करू नये. पण ध्येय बघा: चष्मा. तो त्याच्या स्वतःच्या डोळ्यांसाठी होता. त्यामुळे जग त्याला दिसणार होतं.

तुमच्या घरात, नात्यात, शेजारी असं मूल असेल आणि कोणी थेरपिस्ट वही-पेन घेऊन ध्येयं लिहून देत असेल, तर प्रत्येक ओळीपुढे एकच प्रश्न लिहा: हे शिकल्याने मुलाला काय मिळेल, की फक्त बघणाऱ्यांना बरं वाटेल? दुसरं उत्तर आलं, तर ती ओळ खोडून टाका. आणि त्या घरातल्या आईला विचारा, आज तू किती तास झोपलीस? जमलं तर संध्याकाळी दोन तास तुम्ही बसा त्या मुलासोबत, त्याच्या खेळात.

हा भाग ज्याला ऐकायला हवा असं वाटतं, त्याला पाठवा. भेटू पुढच्या भागात.