दुकानापासून ओठांपर्यंत : औषध देणाऱ्या हातांचा इतिहास

आज औषधांबद्दल बोलू या. कोणती गोळी कशावर चांगली, हे मी सांगणार नाही. ते डॉक्टरांचं काम. मला बोलायचंय ते औषध देणाऱ्या हाताबद्दल.

कुळगाव, बदलापूर, वांगणी या आपल्या पट्ट्यात आता कितीतरी वृद्धाश्रम आहेत. मुंबईपेक्षा जागा स्वस्त, हवा बरी आणि लोकल पकडून मुलांना भेटायला येता येतं. तिथे काम करणाऱ्या मावशी बहुतेक आपल्याच वस्तीतल्या, आपल्याच बचत गटांतल्या. आजी-आजोबांना अंघोळ घालायची, भरवायचं, कूस बदलायची आणि त्यातच सकाळ-दुपार-रात्र गोळ्या द्यायच्या. अंघोळ कशी घालायची हे आपल्याला घरातच येत असतं. गोळ्यांचं तसं नाही. पण कामावर घेताना सगळ्यात कमी शिकवलं जातं ते नेमकं हेच. आणि काही बिघडलं, की पहिलं बोट मावशीकडे जातं.

म्हणून आज थोडा इतिहास. औषधांबाबत जे नियम आपण ऐकतो, ते कुणी उगाच बसून लिहिलेले नाहीत. त्यांतल्या कित्येक नियमांच्या मागे माणसं गेलेली आहेत.

आपल्या आज्यांना दवाखान्यातली औषधाची बाटली आठवत असेल. कंपाउंडर आत औषध कालवायचा आणि बाटलीवर कागदाची कातरलेली पट्टी चिकटवून द्यायचा. एक खाच म्हणजे एक डोस. जिला अक्षर लागत नव्हतं, तिलाही किती द्यायचं ते कळायचं. किती साधी आणि किती शहाणी युक्ती! पण बाटलीच्या आत काय आहे, हे त्या पट्टीवरून कळत नव्हतं.

इंग्रजी अमलात बाजारात भेसळीची, कमअस्सल औषधं इतकी वाढली, की सरकारला १९३० साली कर्नल राम नाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली. समितीनं पुढच्याच वर्षी अहवाल दिला. कायदा यायला मात्र १९४० उजाडलं. मधल्या काळात, १९३७ मध्ये, अमेरिकेत एका पातळ औषधानं शंभरावर माणसं दगावली. औषध विरघळवायला त्यात डायएथिलीन ग्लायकॉल नावाचं रसायन वापरलं होतं. ते मूत्रपिंडं निकामी करतं. त्यानंतर तिथला कायदा कडक झाला. आपल्याकडे १९४० चा औषध कायदा आला आणि १९४८ मध्ये फार्मसी कायदा. चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनंच द्यायचं, हे त्या दुसऱ्या कायद्यात आहे.

कायदे झाले, तरी १९८६ साली मुंबईत तेच घडलं. भायखळ्याचं जे. जे. रुग्णालय आपल्याला अनोळखी नाही. मोठं दुखणं निघालं, की आपल्याकडचे कितीतरी लोक लोकल पकडून तिथेच जातात. त्या वर्षी जानेवारी-फेब्रुवारीत तिथले काही रुग्ण मूत्रपिंडं निकामी होऊन दगावू लागले. मेंदूची सूज किंवा डोळ्यातला दाब कमी करण्यासाठी त्यांना ग्लिसरीन दिलं जात होतं. ते ग्लिसरीन औषधाच्या दर्जाचं नव्हतं, कारखान्यात वापरण्याचं होतं. त्यात तेच डायएथिलीन ग्लायकॉल होतं. चौदा माणसं गेली.

मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगानं चौकशी केली. अहवाल १९८८ मध्ये लोकांसमोर आला. आयोगानं दोष एकट्या विकणाऱ्याचा मानला नाही. रुग्णालयाची खरेदी, औषध प्रशासनाची तपासणी आणि वर मंत्रालयापर्यंतचा कारभार, सगळीकडची ढिलाई त्यांनी मांडली. साखळीतल्या प्रत्येकानं धरलं होतं, की आधीच्यानं तपासलंच असेल.

मैत्रिणींनो, हे शेवटचं वाक्य पुन्हा ऐका, कारण वृद्धाश्रमात चूक होते ती बहुतेक वेळा अशीच. रात्रपाळीची मावशी समजते, दिवसपाळीनं गोळी दिली असेल. दिवसपाळी समजते, रात्रीची देईल. मग एक तर गोळी चुकते, नाहीतर दोनदा जाते.

हे विष अजूनही संपलेलं नाही. २०२२ मध्ये आफ्रिकेतल्या गांबियात भारतातून गेलेल्या खोकल्याच्या औषधांचा संबंध सुमारे सत्तर मुलांच्या मृत्यूशी जोडला गेला. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात मुलं दगावली, त्यांतल्या काहींवर आपल्या नागपुरात उपचार चालू होते. अशा वेळी पहिला प्रश्न असतो, कुणाला कोणतं औषध, कोणत्या बॅचचं दिलं? लिहून ठेवलेलं असेल तरच धागा सापडतो.

आता वृद्धाश्रमांकडे येऊ. ही सोय आपल्याकडे अगदी कालची नाही. पुण्यात १८६० च्या दशकात डेव्हिड ससून यांच्या दानातून अनाथ-पंगू गृह उभं राहिलं. आज ते ‘निवारा’ म्हणून ओळखलं जातं. राज्य सरकारनं १९६३ पासून संस्थांना वृद्धाश्रमासाठी अनुदान द्यायला सुरुवात केली, १९९५ मध्ये मातोश्री वृद्धाश्रम योजना आणली. मग २००७ मध्ये आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह आणि कल्याणाचा केंद्राचा कायदा झाला. त्याच्या १९ व्या कलमात प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांची सोय होईल अशा वृद्धाश्रमाची गोष्ट आहे. वृद्धाश्रम कसे चालवावेत, वैद्यकीय सेवेचा दर्जा काय असावा, याची योजना राज्यानं ठरवावी, असंही तिथे म्हटलंय.

पण एक फट राहतेच. दुकानात चिठ्ठीवरची गोळी द्यायला फार्मासिस्ट लागतो. काउंटर ओलांडून तीच गोळी वृद्धाश्रमात आली, की ती कुणीही देतं. घरी आईला मुलगी गोळी देते, तिथवर ठीक. पण एका खोलीत दहा आजी, प्रत्येकीच्या सहा-सात गोळ्या आणि मावशी एकटी, हे घर नव्हे. दुकानापासून ओठांपर्यंतचा हा प्रवास कायद्यापेक्षा आपल्या सवयींवर जास्त चालतो.

परदेशात या प्रवासाकडे लक्ष गेलं ते साधारण चाळीस वर्षांपूर्वी. अमेरिकेत मार्क बीअर्स नावाच्या डॉक्टरांनी वृद्धगृहांतली औषधं तपासली. झोपेच्या आणि मन शांत करणाऱ्या गोळ्यांचा तिथे सुकाळ होता. वय झालं, की यकृत आणि मूत्रपिंडं मंदावतात, औषध अंगात जास्त वेळ राहतं. चाळिशीत सोसणारी गोळी ऐंशीव्या वर्षी माणसाला धडपडवते, गोंधळवते. म्हणून बीअर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये एक यादी केली : म्हाताऱ्या माणसांना शक्यतो देऊ नयेत अशी औषधं. ती यादी पहिल्यांदा केली गेली ती वृद्धगृहांतल्या लोकांसाठीच. आजही ती सुधारून वापरली जाते. त्याच सुमारास, १९८७ मध्ये, तिथे कायदा झाला, की कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी कुणाला औषधानं गुंगवून ठेवायचं नाही. दोरीनं बांधणं आणि गोळीनं बांधणं, दोन्ही त्या कायद्यानं एकाच पंक्तीला बसवलं.

हे ऐकून कुणाला राग येईल. रात्री वीस जणांमागे एकटी मावशी, एक आजोबा सारखे हाका मारतायत, बाकीच्यांची झोपमोड होतेय, मग करायचं काय? तुमचा प्रश्न खरा आहे. पण त्याचं उत्तर जास्तीची अर्धी गोळी नाही, जास्तीचं एक माणूस आहे. आणि ते मागायचं तर गटानं मिळून मागावं लागतं. आजोबा हाका मारतात त्याला कारणही असतं. लघवी अडलेली असते, दुखत असतं किंवा आधीच्याच एखाद्या गोळीनं भ्रम झालेला असतो. गुंगीत ते सगळं झाकलं जातं. मग पहाटे तोल जातो आणि खुब्याचं हाड मोडतं.

दुसरा अभ्यास इंग्लंडमधला, २००९ साली प्रसिद्ध झालेला. ५५ वृद्धगृहांतल्या २५६ ज्येष्ठांची औषधं तपासली. एकेकाला सरासरी आठ औषधं. दहांतल्या जवळजवळ सात जणांच्या बाबतीत किमान एक तरी चूक सापडली. कधी चिठ्ठी लिहिताना, कधी दुकानात, कधी देताना, कधी रक्त-लघवीच्या तपासण्या राहून गेल्यानं. लक्षात घ्या, तिथे कायदे आहेत, छापील तक्ते आहेत, तरी हे. कारणं वाचली तर आपल्याच गावची वाटतील : डॉक्टर हाती लागत नाहीत, कामाचा बोजा, औषधांचं शिक्षण नाही, गोळ्या वाटताना कुणीतरी मध्येच हाक मारतं, नोंदी अपुऱ्या, सगळा कारभार तोंडी.

तोंडी कारभाराची परीक्षा संकटात होते. नोव्हेंबर २०२१ मध्ये आपल्याच ठाणे जिल्ह्यात, खडवलीजवळच्या एका वृद्धाश्रमात साठाहून जास्त जणांना करोना झाल्याचं निघालं आणि त्यांना ठाण्याच्या सरकारी रुग्णालयात हलवलं गेलं. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान पुरात अडकली, ती रात्र तर आपण विसरणं शक्यच नाही. उल्हास नदी घरात शिरते तेव्हा कपाटातल्या गोळ्याही भिजतात. अशा वेळी रुग्णालयातला अनोळखी डॉक्टर विचारतो, ‘यांना काय चालू आहे?’ ‘एक पांढरी, एक गुलाबी’ हे त्याला पुरत नाही.

मग आपण काय करायचं? पूर्वीच्या खाचा केलेल्या पट्टीसारखं साधं, पण रोजचं.

प्रत्येक आजी-आजोबांचा एक कागद हवा. त्यावर नाव, फोटो, कोणत्या औषधाचं वावडं आहे ते, औषधाचं नाव, किती आणि केव्हा. फोटो यासाठी, की एका मजल्यावर दोन पाटील आजी असतात. गोळी गिळताना डोळ्यांनी पाहिली, मगच सही. आधी सही करून ठेवायची नाही. कागदाचा एक फोटो मोबाईलमध्ये आणि एक प्रत प्लास्टिकच्या पिशवीत वरच्या फळीवर. पूर आला, तर ती पिशवी माणसाबरोबर निघाली पाहिजे.

गोळ्या देताना एका वेळी एकच माणूस, आणि पाच गोष्टी मनाशी म्हणायच्या : माणूस तोच का, औषध तेच का, मात्रा तीच का, वेळ तीच का, द्यायची रीत तीच का. पोटातली, जिभेखालची, डोळ्यातली, यात फरक आहे. सकाळीच सगळ्यांच्या गोळ्या सोलून वाट्यांत मांडून ठेवू नयेत. सोललेल्या पांढऱ्या गोळीला नाव नसतं. पाकीट कापून घेताना दुकानदाराला सांगा, की मुदतीची तारीख आणि बॅच नंबर आमच्या तुकड्यावर राहू द्या.

‘आठवड्यातून एकदा’ लिहिलेल्या गोळीला लाल पेनानं वार लिहा. सांधेदुखीसाठी मेथोट्रेक्सेट नावाची गोळी देतात. ती आठवड्याची गोळी रोज दिली, तर जीव जाऊ शकतो. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन देण्याआधी ताट समोर आलंय का आणि आजी जेवतायत का, ते पाहा. गोळी चुकली, तर पुढच्या वेळी दोन देऊ नका, डॉक्टरांना फोन करा. गिळता येत नाही म्हणून कुटण्याआधीही विचारा, कारण काही गोळ्या पोटात हळूहळू विरघळण्यासाठीच बनवलेल्या असतात. आजोबांनी गोळी थुंकली, तर ‘नाकारली’ असं लिहा. भातात लपवून देऊ नका. आपल्याला काय दिलं जातंय हे कळण्याचा हक्क म्हातारपणी संपत नाही.

आणि दर काही महिन्यांनी डॉक्टरांना एक प्रश्न विचारा : ‘यातली कोणती बंद करता येईल?’ पाच डॉक्टरांनी पाच वेळा लिहिलेल्या गोळ्या कुणीतरी एकत्र पाहायला हव्यात.

दोन नंबर लिहून घ्या. औषधानं काही विपरीत झालं, तर कळवायला १८०० १८० ३०२४. ज्येष्ठांच्या कोणत्याही अडचणीसाठी एल्डरलाईन, १४५६७.

शेवटी मावशींसाठी एक सांगते. हा कागद साहेबांना दाखवायला नाही, तो तुमचं संरक्षण आहे. जे. जे. च्या चौकशीत न्यायमूर्ती लेंटिन यांना उत्तरं शोधावी लागली ती फायलींमधून आणि साक्षींमधून. उद्या तुमच्या वृद्धाश्रमात कुणी विचारलं, तर तुमच्याकडे तारीख, वेळ आणि सही असू दे. येत्या महिन्याच्या गटाच्या बैठकीत आपण असा एक तक्ता कागदावर आखून पाहणार आहोत. ज्या वृद्धाश्रमात काम करतात त्यांनी यावंच, पण ज्यांच्या घरी सासू-सासरे आहेत त्यांनीही यावं. पट्टी आणि पेन घेऊन या.