लांब धनुष्य आणि चिलखती घोडदळ : क्रेसी ते पाते

इंग्लंडच्या लांब धनुष्यानें यूरोपांतील चिलखती घोडदळाचा अंत केला, असा समज सुलभ इतिहासग्रंथांतून रूढ झालेला आहे. क्रेसी (इ. स. १३४६), प्वातिए (इ. स. १३५६) व अ‍ॅजिनकोर्ट (इ. स. १४१५) ह्या तीन लढाया त्याच्या पुष्ट्यर्थ सांगण्यांत येतात. हा समज कितपत साधार आहे, हें मूळ साधनांवरून तपासण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

प्रथम शस्त्राचा विचार करूं. हें धनुष्य मुख्यत्वें यू नांवाच्या वृक्षाच्या लांकडाचें, पुरुषभर किंवा त्याहून उंच असे. इ. स. १५४५ त बुडालेल्या ‘मेरी रोझ’ ह्या इंग्लिश जहाजाचा सांगाडा इ. स. १९८२ त वर काढण्यांत आला. त्याच्या उत्खननांत शंभराहून अधिक अखंड धनुष्यें व हजारों बाण मिळाले. हीं धनुष्यें पूर्ण ओढण्यास सुमारें १०० ते १८० पौंड जोर लागत असावा, असें परीक्षकांचें अनुमान आहे. इतका जोर बाळपणापासूनच्या अभ्यासावांचून येत नाहीं. म्हणूनच तिसऱ्या एडवर्डनें इ. स. १३६३ त सणासुदीच्या दिवशीं प्रजेनें तिरंदाजीचा सराव करावा, असा हुकूम काढिला.

आतां क्रेसीची लढाई पाहूं. हिचें लोकप्रिय वर्णन फ्रॉइसार ह्या बखरकाराचें. परंतु लढाईच्या वेळीं तो केवळ बालक होता. त्यानें आपला आरंभीचा मजकूर ज्याँ ल बेल ह्याच्या ग्रंथावरून घेतला, आणि ल बेलला माहिती देणारांत फ्रेंच राजाच्या पक्षाकडून लढाईंत हजर असलेला हेनोचा जॉन हा एक होता. फ्रॉइसारच्या ग्रंथाच्या निरनिराळ्या प्रतींतही मजकूर सारखा नाहीं. तथापि मुख्य गोष्टींविषयीं साधनांत बराच मेळ आहे. इंग्लिश सरदार घोड्यांवरून उतरून उंचवट्यावर पायीं उभे होते. फ्रेंचांकडील जिनोव्हाचे धनुर्धर लांबच्या मजलीनें थकलेले होते व त्यांच्या मोठ्या ढाली मागें सामानांत राहिल्या होत्या. ते मागें हटतांच फ्रेंच स्वारांनीं त्यांच्याच अंगावरून घोडे घातले, आणि पुढें एकामागून एक विस्कळित हल्ले केले. बाणांनीं घोडे घायाळ झाले हें खरें. परंतु पराभवाचें निम्मे कारण सेनापतीच्या ताब्यांत न राहिलेली सेना हें होय.

प्वातिए येथील वृत्तांत अधिक उद्बोधक आहे. बखरकार जेफ्री ल बेकर लिहितो कीं, चिलखत घातलेल्या घोड्यांच्या छातीवर आदळून बाण निष्फळ होत; तेव्हां तिरंदाजांना बाजूस हलवून घोड्यांच्या उघड्या मागल्या अंगावर बाण मारावयास लाविलें. म्हणजे समोरून आलेल्या पूर्ण चिलखती स्वारापुढें ह्या धनुष्याची मर्यादा त्या काळच्या लोकांस ठाऊक होती. शिवाय त्या दिवशीं बहुसंख्य फ्रेंच वीर घोड्यांवरून उतरून लढले, आणि शेवटीं इंग्लिशांच्या पक्षाच्या स्वारांनीं पिछाडीवर केलेला हल्ला निर्णायक ठरला. फ्रान्सचा राजा दुसरा ज्याँ कैद झाला.

अ‍ॅजिनकोर्टचें रणक्षेत्र नांगरलेलें व पावसानें चिखल झालेलें होतें. दोन्ही बाजूंस झाडी असल्यानें घोडदळास वळसा घालतां येईना, आणि तिरंदाजांनीं आपल्यापुढें टोकदार मेखा ठोकल्या होत्या. फ्रेंच स्वारांचा हल्ला फसला व बिथरलेले घोडे स्वतःच्याच पायदळांत शिरले. संख्येविषयीं मात्र सावध असावें. लढाईंत हजर असलेला पाद्री इंग्लिश सैन्य सहा हजारांच्या आंत व फ्रेंच साठ हजार सांगतो. अ‍ॅन करी ह्या विदुषीनें पगारपट तपासून इ. स. २००५ त इंग्लिश आठ हजारांहून अधिक व फ्रेंच सुमारें बारा हजार असा अंदाज दिला. तो सर्वमान्य नाहीं. परंतु बखरीचा आकडा दफ्तराशीं ताडून पाहिल्यावांचून घेऊं नये, हा धडा आपल्याकडील संशोधकांसही परिचित आहे.

उलट बाजूचे दाखले सहसा सांगितले जात नाहींत. बॅनॉकबर्न (इ. स. १३१४) येथें रॉबर्ट कीथच्या स्कॉटिश स्वारांनीं इंग्लिश तिरंदाजांना उधळून लाविलें. व्हर्न्यूय (इ. स. १४२४) येथें लोम्बार्ड चिलखती स्वार तिरंदाजांची फळी फोडून पार गेले, इंग्लिशांचा जय झाला, तो पायदळ टिकून राहिल्यामुळें व हे स्वार सामानाच्या लुटींत गुंतल्यामुळें. पाते (इ. स. १४२९) येथें तर मेखा ठोकून होण्यापूर्वींच फ्रेंच घोडदळ येऊन भिडलें आणि तिरंदाज उघड्यावर कापले गेले. शस्त्र तेंच, लोकही त्याच देशाचे. नव्हती ती केवळ पूर्वतयारी आणि आडोसा.

आणखी एक गोष्ट हजेरीपटांवरून निदर्शनास येते. इ. स. १४१५ च्या स्वारींत पायीं लढणाऱ्या तिरंदाजांपैकीं पुष्कळांजवळ मजलीसाठीं घोडे होते. त्यांस रोज ६ पेन्स व चिलखती वीरास १२ पेन्स मिळत, आणि एका चिलखती वीरामागें साधारणतः तीन तिरंदाज असत. म्हणजे घोडा व धनुष्य एकाच सैन्याचीं दोन अंगें होतीं. बखरकारांनीं पडलेल्या राजांचीं व सरदारांचीं नांवें लिहिलीं. ज्यांच्या बाहुबळावर जय मिळाले, त्या सामान्य तिरंदाजांचीं नांवें केवळ ह्या रुक्ष पटांतच उरलीं आहेत. इ. स. १३६९ ते १४५३ पर्यंतच्या अशा लाखाहून अधिक नोंदी आतां अभ्यासकांस उपलब्ध झाल्या आहेत.

घोडदळाचा अंत झाला नाहीं, ह्यास फ्रान्सच हें उत्तम प्रमाण होय. तीन मोठे पराभव सोसल्यावर सातव्या शार्लनें इ. स. १४४५ त जें खडें सैन्य उभारलें, तें मुख्यतः घोडेस्वारांचें होतें. फॉर्मिन्यी (इ. स. १४५०) येथें ऐन वेळीं आलेल्या स्वारांनीं, व कास्तियों (इ. स. १४५३) येथें तोफांनीं इंग्लिशांचा पाडाव केला.

सबब आमचें मत असें आहे कीं, लांब धनुष्य हें समर्थ शस्त्र खरें. पण त्याचा प्रभाव निवडलेली जागा, पायीं उतरलेल्या सरदारांचा आधार, दीर्घ अभ्यास व नियमित वेतन ह्यांवर अवलंबून होता. हे आधार सुटतांच घोडदळ त्यास भारी पडे. इतिहासांतील जयापजयांचें श्रेय एका शस्त्रास देण्यापूर्वीं, त्या शस्त्रामागच्या माणसांची नोंद शोधणें हें संशोधकाचें पहिलें कर्तव्य होय.