उकिरडा ते सोयापेंड : कोंबडीच्या खाद्याची गोष्ट 🧵

१/ कोल्हापूरच्या खेड्यांत परसातली कोंबडी उकिरडा उकरून अळ्या, वाळवी, किडे वेचीत असे. अंड्यासाठी लागणारी प्रथिने तिला तिथेच मिळत.

२/ १९७१ मध्ये डॉ. बी. व्ही. राव यांनी वेंकटेश्वरा हॅचरीज उभारली. पिंजऱ्यातला व्यवसाय वाढत गेला, कोंबडीचा मातीशी संबंध तुटला. किड्यांची जागा मासळीच्या भुकटीने आणि सोयापेंडीने घेतली.

३/ ऑगस्ट २०२१. सोयापेंड कडाडली आणि केंद्राने जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची १२ लाख टन पेंड आयात करण्यास मुभा दिली. सोयाबीन उत्पादकांनी विरोध केला. त्याच महिन्यात युरोपीय संघाने कोंबडीखाद्यात कीटकांच्या प्रथिनांना परवानगी दिली.

४/ अंड्यावर परिणाम? खाद्यातील मेद बलकात उतरतो. रेशीमकिड्याच्या कोशातील तेलात ओमेगा-३ भरपूर असते. त्याला वासही उग्र असतो. बलकाचा गडद रंग मात्र हिरवा पाला आणि पिवळा मका यांची देणगी.

५/ कीटकखाद्य स्वस्त झाले, तर पोल्ट्रीवाल्याचा भार हलका होईल. मग शिरोळ-हातकणंगल्याच्या सोयाबीनचा भाव कोण राखणार?