हुद्दा असूनही ते विद्यार्थी झाले : बर्लिनमधल्या अधिकाऱ्यांच्या अभ्यासमंडळाची गोष्ट, जिचा धागा देवळालीपर्यंत येतो

सैन्यातला अधिकारी म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो गणवेश, परेड आणि बंदूक. पण हेच अधिकारी एका खोलीत बसून शंभर वर्षांपूर्वीच्या लढाईचा नकाशा पसरतात, कुणाचं कुठे चुकलं यावर वाद घालतात, निबंध लिहितात आणि परीक्षा देतात, हे फारसं कुणाला माहीत नसतं.

आज जगातल्या जवळपास प्रत्येक मोठ्या सैन्यात अशी व्यवस्था आहे. भारतातही आहे. पण ‘लढाई मैदानावर शिकायची असते, पुस्तकात नाही’ असं मानणाऱ्या काळात ही सवय सैन्याला लागली कशी?

त्यासाठी १८०१ सालच्या बर्लिनमध्ये जावं लागतं.

शार्नहॉर्स्ट कोण होते?

गेऱ्हार्ड फॉन शार्नहॉर्स्ट यांचा जन्म १७५५ चा, हॅनोवरजवळच्या बोर्डेनाऊ गावातला. वडील सैन्यात खालच्या हुद्द्यावर काम करून नंतर शेतीकडे वळलेले. त्या काळी युरोपात अधिकारी व्हायचं तर सरदार घराण्यात जन्म घ्यावा लागायचा. शार्नहॉर्स्टकडे घराणं नव्हतं, अभ्यास होता.

लहान संस्थानाच्या एका राजाने तळ्यातल्या कृत्रिम बेटावर किल्ला बांधून तिथे लष्करी शाळा काढली होती. शार्नहॉर्स्ट तिथे शिकले आणि पुढे हॅनोवरच्या तोफखान्यात अधिकारी झाले. तिथे त्यांनी शिकवलं, लष्करी विषयांवरची नियतकालिकं चालवली. म्हणजे आजच्या भाषेत सांगायचं तर ते अधिकारीही होते आणि संपादकही.

पण ते नुसते पुस्तकी नव्हते. १७९४ मध्ये फ्रेंचांनी मेनिन हे गाव वेढलं, तेव्हा तो वेढा फोडून बाहेर पडलेल्या तुकडीत ते होते.

या युद्धाने त्यांना एक प्रश्न दिला. फ्रेंच राज्यक्रांतीनंतरचं फ्रान्सचं सैन्य अर्धवट प्रशिक्षित होतं. त्यांचे अनेक जुने अधिकारी देश सोडून पळाले होते. तरी ते जिंकत कसे होते?

१७९७ मध्ये त्यांनी यावर एक मोठा लेख लिहिला. नुसत्या तोफा आणि डावपेच मोजून हे कोडं सुटणार नाही, फ्रान्समध्ये समाज बदललाय, सामान्य माणूस देशासाठी लढतोय आणि गुणवान माणूस वर येतोय, असा त्याचा रोख होता. युद्ध समजून घ्यायचं तर राजकारण आणि समाजही समजून घ्यावा लागेल, हा विचार तेव्हा नवा होता.

अभ्यासमंडळात नेमकं काय चालायचं?

१८०१ मध्ये शार्नहॉर्स्ट प्रशियाच्या सैन्यात आले. त्याच वर्षी त्यांनी बर्लिनमध्ये ‘मिलिटेरिशे गेझेलशाफ्ट’ म्हणजे ‘लष्करी मंडळ’ सुरू केलं.

मंडळाचा हेतू साधा होता. एकट्याने वाचलं की माणूस एकांगी होतो, म्हणून एकत्र बसायचं. एकाने निबंध वाचायचा आणि बाकीच्यांनी त्यावर प्रश्न विचारायचे. सिद्धांत आणि प्रत्यक्ष युद्ध यांची सांगड कुठे बसते आणि कुठे बसत नाही, हे तपासायचं. मंडळाने निबंध स्पर्धा घेतल्या आणि सभांमधल्या कामाचे ग्रंथही छापले.

सभासद दोनशेच्या आसपास होते. लेफ्टनंटपासून जनरलपर्यंत आणि राजघराण्यातल्या माणसांपासून काही बिगरलष्करी मंडळींपर्यंत सगळे त्यात होते.

त्यातच विशीतला एक तरुण होता, कार्ल फॉन क्लॉझविट्झ. बाराव्या वर्षी सैन्यात भरती झालेला, त्यामुळे शालेय शिक्षण अपुरं. बर्लिनमधल्या तरुण अधिकाऱ्यांच्या शाळेत तो सुरुवातीला धडपडला. शार्नहॉर्स्ट या शाळेचेही प्रमुख होते. त्यांनी त्याला हाताशी धरलं आणि पुढे तो आपल्या वर्गात पहिला आला.

इतिहासाचा उपयोग काय?

इथे मंडळाची खरी पद्धत कळते. इतिहास म्हणजे सनावळ्या आणि सेनापतींची स्तुती, असं इथे नव्हतं.

एखादी लढाई घ्यायची. त्या क्षणी सेनापतीला काय माहीत होतं आणि काय माहीत नव्हतं, हे ठरवायचं. त्याच्यासमोर कोणते पर्याय होते? त्याने निवडलेला पर्याय का फसला किंवा का जमला? निकाल माहीत असताना शहाणपण सांगणं सोपं असतं, म्हणून आधी निकाल बाजूला ठेवायचा.

याचं कारण सरळ आहे. डॉक्टरला रोज रुग्ण भेटतात, वकिलाला रोज खटले. सैनिकाला मात्र कित्येक वर्षं युद्ध दिसत नाही आणि दिसतं तेव्हा चूक सुधारायची संधी मिळेलच असं नाही. त्यामुळे दुसऱ्यांच्या अनुभवावर सराव करावा लागतो.

मग अभ्यास करूनही प्रशिया हरला कसा?

१८०५ मध्ये युद्धाच्या तयारीमुळे मंडळाचं काम थांबलं. पुढच्याच वर्षी, १४ ऑक्टोबर १८०६ ला, येना आणि आउअरस्टेट या दोन ठिकाणी एकाच दिवशी प्रशियाचा नेपोलियनच्या सैन्याकडून धुव्वा उडाला.

आउअरस्टेटला फ्रेंच सेनापती दावू यांच्याकडे सुमारे २७ हजार सैनिक होते. समोर प्रशियाचे त्याच्या दुपटीहून जास्त होते, तरी दावू जिंकले. दोन आठवड्यांच्या आत नेपोलियन बर्लिनमध्ये होता. क्लॉझविट्झ फ्रेंचांचा कैदी झाला. शार्नहॉर्स्टही माघारीच्या शेवटच्या टप्प्यात पकडले गेले.

म्हणजे अभ्यास वाया गेला का?

तसं म्हणता येत नाही, कारण अभ्यास करणाऱ्यांच्या हातात निर्णय नव्हते. प्रशियाचे सरसेनापती ड्यूक ऑफ ब्रन्सविक ७१ वर्षांचे होते. त्यांच्यासोबतचे फील्डमार्शल मॉलेनडॉर्फ ८० च्या पुढचे. ही पिढी फ्रेडरिक द ग्रेटच्या काळातली. त्या विजयांच्या आठवणीवर सैन्य चाललं होतं. फ्रेडरिकच्या मृत्यूला २० वर्षं झाली होती आणि युद्धाची रीत बदलली होती. मंडळात सैन्याची नवी रचना, सामान्य नागरिकांचं सैन्य यावर चर्चा होत होती, पण ती अमलात आणायला वरिष्ठ तयार नव्हते.

हरल्यानंतर काय बदललं?

१८०७ मध्ये राजाने सैन्याच्या पुनर्रचनेसाठी आयोग नेमला. अध्यक्ष शार्नहॉर्स्ट. सोबत ग्नायझेनाऊ, ग्रोलमान, बॉयेन. मदतीला क्लॉझविट्झ. यातले बरेचजण मंडळातले जुने सभासद. मंडळात ज्यावर वाद घातला होता, ते आता कागदावर उतरवायची वेळ आली होती.

ऑगस्ट १८०८ मध्ये नियम आला : शांततेच्या काळात ज्ञान आणि शिक्षण, युद्धात शौर्य आणि समज, यावरच अधिकारीपद मिळेल. घराण्याचा हक्क कागदोपत्री संपला. प्रत्यक्षात सरदार घराण्यांचा दबदबा पुढे कित्येक दशकं राहिला, पण दार उघडलं गेलं.

१८१० मध्ये बर्लिनमध्ये अधिकाऱ्यांसाठी नवी युद्धशाळा सुरू झाली. क्लॉझविट्झने तिथे शिकवलं आणि नंतर तो तिचा संचालकही झाला. शार्नहॉर्स्ट यांना मात्र शेवट पाहता आला नाही. मे १८१३ मधल्या लढाईत पायाला झालेली जखम चिघळून जूनमध्ये प्राग इथे त्यांचा मृत्यू झाला. त्यानंतर चार महिन्यांतच लाइपझिगला नेपोलियन हरला.

क्लॉझविट्झचा ‘युद्धाविषयी’ हा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १८३२ मध्ये पत्नी मारी यांनी प्रसिद्ध केला. युद्ध हे राजकारणाचंच एक साधन आहे, हा त्यातला विचार आजही जगभरच्या लष्करी महाविद्यालयांत शिकवला जातो.

नकाशावरचं युद्ध

प्रशियातूनच आणखी एक पद्धत आली, ‘क्रीगश्पील’ म्हणजे युद्धखेळ. १८२४ मध्ये राइसवित्झ नावाच्या तरुण अधिकाऱ्याने वडिलांच्या कल्पनेवरून तो तयार केला. खरा नकाशा, लाल आणि निळे ठोकळे, फासे आणि मधे पंच. शत्रू कुठे आहे हे खेळाडूला पूर्ण दिसायचं नाही. आज संगणकावर होणाऱ्या लष्करी ‘वॉरगेम’चं मूळ इथे आहे. १८६६ मध्ये ऑस्ट्रियाला आणि १८७० मध्ये फ्रान्सला प्रशियाने हरवल्यावर बाकीच्या देशांनी या सगळ्याची नक्कल सुरू केली.

महाराष्ट्राशी संबंध काय?

१८०३ मध्ये बर्लिनचं मंडळ भरात होतं, तेव्हा इकडे आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईला आर्थर वेलस्ली यांनी शिंदे-भोसल्यांच्या फौजेला हरवलं. हेच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाले. १८१५ मध्ये वॉटर्लूला त्यांच्या मदतीला जे प्रशियन सैन्य आलं, त्याची आखणी करणाऱ्यांत ग्नायझेनाऊ आणि ग्रोलमान होते.

दुसरा धागा थेट नाशिकचा. ब्रिटिश हिंदुस्थानच्या सैन्याचं स्टाफ कॉलेज १९०५ मध्ये सुरू झालं ते देवळालीला. दोन वर्षांनी ते क्वेट्टाला गेलं. फाळणीत क्वेट्टा पाकिस्तानात राहिलं आणि भारताने निलगिरीतल्या वेलिंग्टनला आपलं स्टाफ कॉलेज उभारलं. या गावाला नाव मिळालं ते असई जिंकणाऱ्या त्याच ड्यूकचं.

सॅम माणेकशा क्वेट्टाला शिकले आणि पुढे वेलिंग्टनच्या कॉलेजचे प्रमुख झाले. आज तिथे लष्कर, नौदल आणि हवाई दलाचे अधिकारी मित्रदेशांच्या अधिकाऱ्यांसोबत वर्षभराच्या आसपास शिकतात. लष्करातून तिथे जायचं तर स्पर्धा परीक्षा द्यावी लागते आणि त्यात लष्करी इतिहासाचा पेपरही असतो. कॉलेजचं ब्रीद संस्कृतात आहे, ‘युद्धं प्रज्ञया’, म्हणजे युद्ध बुद्धीने.

या पद्धतीची मर्यादा काय?

जर्मनीचाच इतिहास ती दाखवतो. शार्नहॉर्स्टच्या वारसदारांनी लढाया जिंकण्याचं शास्त्र टोकाला नेलं, पण १९१४ ते १९४५ मध्ये दोन महायुद्धं हरली आणि दुसऱ्यात भयंकर गुन्ह्यांमध्येही सैन्य सामील झालं. डावपेचांचा अभ्यास राहिला. मात्र युद्ध कशासाठी करायचं आणि कुठे थांबवायचं, हा प्रश्न मागे पडला.

१७९७ च्या त्या लेखात शार्नहॉर्स्ट युद्धासोबत समाज आणि राजकारणही वाचत होते. नंतरच्यांनी नेमका तोच भाग गाळला.