ब्रेक आणि स्टिअरिंग: एक जुने भांडण

शहापूर तालुक्यातील कसारा घाटात रेल्वे १८६५ साली सुरू झाली. तेथील चढ ३७ ला १ इतका तीव्र. उतरताना गाडी आवरायची कशी, ही चिंता रेल्वेच्या अभियंत्यांना होती. वळवायची कशी, ही नव्हती. ते काम रूळ करतात. जवळच्या मुंबई-आग्रा रस्त्यावर किंवा मुरबाडकडून चढणाऱ्या माळशेज घाटात मोटारीची सोय वेगळी आहे. थांबणे आणि वळणे ही दोन्ही कामे टायरच्या जमिनीला टेकलेल्या तळहाताएवढ्या भागालाच करावी लागतात. 'जोरात ब्रेक दाबला की स्टिअरिंग जड होते' ही चालकांची तक्रार येथूनच सुरू होते. गंमत अशी, की मोटारींच्या इतिहासात तक्रारीच्या आधी तिची भीती येऊन गेली.

सुरुवातीच्या बहुतेक मोटारींना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असत. पुढच्या चाकांना ब्रेक लावल्यास स्टिअरिंग ताब्यात राहणार नाही, असे पुष्कळ अभियंत्यांना वाटे. ही भीती निराधार नव्हती. पुढचे चाक ज्या खिळीभोवती वळते ती उभी असेल, तर तिचा अक्ष टायरच्या आतल्या बाजूला जमिनीला मिळतो. ब्रेकचे बल मात्र टायरवर लागते. मधले अंतर म्हणजे तरफेची भुजा. तिच्यामुळे चाक बाहेर वळू पाहते. दोन्ही बाजूंचे ब्रेक सारखे लागले तर हे ओढ परस्परांना रद्द करतात, नाहीतर गाडी एका बाजूला खेचली जाते. उपाय भूमितीतून निघाला: खीळ तिरकी बसवायची, म्हणजे तिचा अक्ष टायरच्या टेकण्याच्या जागेजवळ येतो.

१९१०च्या सुमारास इटलीतील इसोटा फ्रास्किनी आणि स्कॉटलंडमधील आर्गाइल या कंपन्यांनी पुढच्या चाकांचे ब्रेक आणले. १९१४ साली लियाँ येथील फ्रेंच ग्रां प्रीमध्ये प्यूजो, डेलाज आणि फियाट यांच्या गाड्यांना चारही चाकांना ब्रेक होते; तरी पहिले तीन क्रमांक फक्त मागे ब्रेक असलेल्या मर्सिडीझने पटकावले. शर्यतीचा निकाल आणि तंत्राचा निकाल एकाच दिवशी लागतो असे नाही. १९२१ साली ल मांच्या शर्यतीत द्रवदाबाचे चार ब्रेक असलेली ड्यूसनबर्ग जिंकली आणि वाद हळूहळू मिटला.

आता तक्रारीकडे वळू. गॅरेजमध्ये उत्तर मिळते, 'पुढे वजन येते.' हे खरे, पण किती? १००० किलोची गाडी घेऊ. पुढच्या-मागच्या चाकांतील अंतर २.५ मीटर, गुरुत्वमध्याची उंची ०.५ मीटर आणि मंदन गुरुत्वत्वरणाच्या ०.८ पट धरले, तर १००० × ०.८ × ०.५ ÷ २.५ = १६० किलो भार मागून पुढे सरकतो. पुढचा भार ५०० असेल तर ६६० होतो, म्हणजे सुमारे एक तृतीयांश वाढ. प्रीमियर पद्मिनीसारख्या पॉवर स्टिअरिंग नसलेल्या गाडीत एवढा जडपणा जाणवणारच. टायरमध्ये हवा कमी असेल तर आणखी. पण स्टिअरिंग एकदम दुप्पट जड झाले, तर हे गणित पुरत नाही. दुसरे कारण शोधायला हवे.

ते बहुधा पॉवर स्टिअरिंगमध्ये सापडते. फ्रान्सिस डेव्हिस यांनी १९२६ सालीच ते मोटारीवर बसवून दाखवले. विक्रीच्या गाडीत ते १९५१ साली क्रायसलर इंपीरियलमधून आले. द्रवदाबाच्या या रचनेत पंप इंजिनवरच्या पट्ट्याने फिरतो. ब्रेक दाबताना पाय अॅक्सिलरेटरवरून निघतो, इंजिनचे फेरे उतरतात आणि पंपाचा प्रवाह घटतो. पट्टा सैल असेल किंवा तेल कमी असेल, तर मदत नेमकी हवी तेव्हाच आटते. पेट्रोल गाडीत आणखी एक धागा आहे. ब्रेकचा बूस्टर इंजिनच्या शोषणावर चालतो. त्याचा पडदा फाटला असेल, तर पेडल दाबताच इंजिनात जादा हवा शिरते आणि ते अडखळते. दोष ब्रेकचा, जड होते स्टिअरिंग!

तपासणी सपाट जागी, गाडी उभी ठेवून करता येते. इंजिन मंद चालू ठेवून स्टिअरिंग फिरवावे. अॅक्सिलरेटर किंचित दाबताच ते हलके झाले, तर पट्टा, तेल आणि पंप पाहावे. मग स्टिअरिंग न हलवता ब्रेक दाबून धरावा. इंजिन अडखळले आणि फुस्स असा आवाज आला, तर बूस्टर तपासावा. विजेवर चालणाऱ्या नव्या पॉवर स्टिअरिंगला पंपच नसतो. तेथे बॅटरी आणि जोडण्यांपासून सुरुवात करावी लागते.

इंधन वाचवण्यासाठी इंजिन बंद करून घाट उतरणारे चालक हाच दोष स्वतःच्या हाताने निर्माण करतात. पंप थांबतो, आणि बूस्टरमध्ये उरलेला निर्वात दोन-तीनदा पेडल दाबताच संपतो.