अर्धवट विमान विकणे आहे

इंटरनेटच्या लिलावात काय विकलं जाईल याला काही धरबंध नाही. पिएर ओमिड्यारने सप्टेंबर १९९५ मध्ये एक लिलावाची साइट सुरू केली, तिचं नाव पुढे इबे झालं. सुरुवातीलाच तिथे एक मोडका लेझर पॉइंटर १४.८३ डॉलरला खपला. २००१ मध्ये त्याच साइटवर एक गल्फस्ट्रीम जेट ४९ लाख डॉलरला गेलं. मोडक्या पॉइंटरपासून चालू जेटपर्यंतच्या या रांगेत मधे कुठेतरी एक भारी माल असतो आणि वीकएंडला मी त्याच्याच जाहिराती वाचत बसतो. अर्धवट बांधलेलं विमान.

या जाहिरातींचा साचा ठरलेला. शेपटी पूर्ण. पंख जवळजवळ पूर्ण. धड सुरू केलंय. इंजिन नाही. फोटोत अमेरिकेतलं कुठलंतरी गॅरेज, भिंतीला टेकवलेला अ‍ॅल्युमिनियमचा पंख, शेजारी मुलांच्या सायकली. आणि शेवटी विकण्याचं कारण: मूल झालं, बदली झाली, डॉक्टरांनी उडायला मनाई केली, किंवा नुसतंच 'वेळ मिळत नाही'. आपल्याकडे 'नोकरीनिमित्त परगावी जात असल्याने फ्लॅट त्वरित देणे आहे' असतं ना, अगदी तसंच. फक्त फ्लॅटमध्ये राहता येतं. इथे विकायला काढलेली असतात कुणाचीतरी पाच-दहा वर्षं.

आता कुणी म्हणेल, घरी विमान बांधायचं हे खूळ आलं कुठून? तर मंडळी, हे खूळ विमानाइतकंच जुनं आहे. राइट बंधूंनी तरी काय केलं होतं? त्यांचं सायकलचं दुकान होतं. पण 'माझं बघून तुम्हीही बांधा' असं खुल्या मनाने सांगणारा पहिला मोठा माणूस म्हणजे पॅरिसमध्ये राहणारा ब्राझिलियन आल्बेर्तो सांतोस-द्युमाँ. त्याच्या 'दमुआझेल' या चिमुकल्या विमानाचं पेटंट त्याने घेतलं नाही. १९१० मध्ये 'पॉप्युलर मेकॅनिक्स' मासिकात त्याचे नकाशे छापून आले. आपल्या भाषेत सांगायचं तर चक्क ओपन सोर्स!

नकाशे फुकट मिळाले तरी इंजिन कुठून आणायचं? मिनेसोटातल्या चेरी ग्रोव्ह नावाच्या खेड्यात बर्नार्ड पीटनपोलने १९२९ च्या सुमारास यावर उपाय काढला. फोर्ड मॉडेल ए मोटारीचं इंजिन काढायचं आणि लाकडी विमानावर चढवायचं. शिकागोत एड हीथ त्याच काळात 'पॅरासोल' विमानाचं किट विकत होता. पैसे जमतील तसतसे सुटे भाग मागवा, विमान हळूहळू पूर्ण करा. १९३१ मध्ये हीथ स्वतः विमान अपघातात गेला. कंपनीचं नाव मात्र टिकलं आणि दुसऱ्या महायुद्धानंतर तिनेच 'हीथकिट' नावाने रेडिओ आणि ऑसिलोस्कोपची किट विकली. इलेक्ट्रॉनिक्सवाल्या जुन्या प्रोफेसरांना विचारा, नाव ऐकून डोळे चमकतील.

यातली काळी बाजू युरोपात दिसली. फ्रान्समध्ये आन्री मिन्येने १९३३ मध्ये 'पू द्यू सिएल', म्हणजे 'आकाशातली पिसू', उडवली आणि पुढच्या वर्षी ती कशी बांधायची याचं पुस्तक काढलं. एकामागे एक दोन पंख, मोटरसायकलचं इंजिन, खर्च किरकोळ. फ्रान्स आणि इंग्लंडमध्ये लोकांनी पटापट पिसवा बांधायला घेतल्या. आणि माणसं मरायला लागली. विमानाने नाक खाली घातलं की काही वेळा ते वर येईचना. १९३६ मध्ये फार्नबरो आणि पॅरिसजवळच्या शाले-मदाँ इथल्या मोठ्या वाऱ्याच्या बोगद्यांत अख्खं विमान ठेवून तपासलं, तेव्हा कळलं की पुढच्या-मागच्या पंखांमधल्या हवेच्या खेळामुळे एका ठराविक कोनाच्या खाली ते सावरूच शकत नाही. म्हणजे बांधणाऱ्यांचे हात चुकले नव्हते, डिझाइनमध्येच बग होता. ज्यांनी पुस्तकाबरहुकूम खिळे ठोकले, तेही गेले.

अमेरिकेतही तीसच्या दशकाच्या शेवटी घरगुती विमानं जवळजवळ बंद पडली होती. अपवाद ओरेगॉन राज्याचा. तिथल्या जॉर्ज बोगार्डस नावाच्या माणसाने १९४७ मध्ये 'लिटल जी बी' हे घरी बांधलेलं विमान घेऊन थेट वॉशिंग्टन गाठलं. देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला. सांगायचं इतकंच होतं की बघा, हे उडतं आणि पोचतंही. पुढे 'एक्सपेरिमेंटल, अमॅच्युअर-बिल्ट' हा वर्ग नियमांत बसला त्यात या खटपटीचा मोठा वाटा आहे. ते विमान आज स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. २६ जानेवारी १९५३ ला मिलवॉकीत पॉल पोबेरेझ्नीने हौशी बिल्डरांची संघटना, ईएए, सुरू केली. १९७० पासून तिची जत्रा ऑशकॉशला भरते. विमानवेड्यांची पंढरीच म्हणा ना.

बरं, मग इतकी विमानं अर्धवट का राहतात?

एक मोठं कारण सत्तरच्या दशकात सापडतं. जिम बीडी या इंजिनिअरने बीडी-५ नावाचं चिमुकलं, बंदुकीच्या गोळीसारखं विमान काढलं. त्याचीच जेट आवृत्ती १९८३ च्या 'ऑक्टोपसी'त जेम्स बाँडने उडवली. (हो, तोच उदयपूरवाला.) १९७१ पासून २०० डॉलर भरून लोकांनी रांगेत नंबर लावले. हजारो किट लोकांच्या घरी पोचलीसुद्धा. पण इंजिन पुरवणारी जर्मन कंपनी बुडाली, आणि पत्र्याचा सुंदर सांगाडा घेऊन लोक इंजिनाची वाट बघत बसले. १९७९ मध्ये बीडीने दिवाळं काढलं. सरकारने त्याच्याकडून लिहून घेतलं की पुढची दहा वर्षं विमानासाठी आगाऊ पैसे घेणार नाही. उडाली ती थोडी, बाकीची गॅरेजमध्ये राहिली.

पण सगळा दोष कंपन्यांच्या माथी मारता येत नाही. १९७३ मध्ये रिचर्ड व्हॅनग्रुन्सव्हेनने काढलेली व्हॅन्स एअरक्राफ्ट या धंद्यातली सगळ्यात यशस्वी कंपनी. २०१७ मध्ये तिच्या किटमधून झालेलं दहा हजारावं विमान उडालं. तिचं किट टप्प्याटप्प्याने घेता येतं. आधी शेपटी, मग पंख, मग धड, मग उरलेलं सामान. इंजिन, पंखा आणि यंत्रं वेगळी. शेपटी स्वस्त असते आणि तिच्यावर हात बसतो म्हणून ती पहिली. पण गोम इथेच आहे. शेपटी घेणं म्हणजे जिमची पहिल्या महिन्याची फी भरणं. पुढे दीड-दोन हजार तासांचं काम असतं. नोकरी सांभाळून आठवड्याला दहा तास दिले तरी तीन-चार वर्षं. आणि सगळ्यात मोठा खर्च, इंजिन, सगळ्यात शेवटी येतो, जेव्हा उत्साह आणि बँक बॅलन्स दोन्ही तळाला गेलेले असतात. प्रोजेक्ट मॅनेजमेंट करणाऱ्याला हा आलेख ओळखीचा वाटेल.

आणि कंपनी यशस्वी म्हणून निर्धास्त राहावं असंही नाही. याच व्हॅन्सने लेझरने भोकं पाडलेले पत्र्याचे भाग गिऱ्हाइकांना पाठवले, त्यातल्या काहींत भोकांच्या कडेला चिरा गेल्या. त्याचा आणि इतर खर्चाचा भार इतका झाला की डिसेंबर २०२३ मध्ये कंपनीला दिवाळखोरीच्या कायद्याचं संरक्षण घ्यावं लागलं. आधीच ऑर्डर दिलेल्यांना वाढीव दर मोजावे लागले. २०२४ मध्ये ती त्यातून बाहेर आली. तेव्हा आज कुणाचं अर्धवट किट घेताना पहिला प्रश्न: हे भाग कोणत्या साली आले?

आता घेणाऱ्याच्या बाजूने बघू. अर्धवट विमान सहसा आतल्या सामानाच्या किमतीपेक्षाही कमी भावात जातं. विकणाऱ्याच्या शेकडो तासांच्या मजुरीचे पैसे कुणी देत नाही. वाटतं, काय स्वस्तात मिळालं! पण पंखाचा खालचा पत्रा एकदा रिव्हेट मारून बंद केला की आत काय आहे ते दिसत नाही. एखादं भोक पत्र्याच्या अगदी कडेला पडलंय का, रिव्हेट नीट बसलेत का, गंज लागू नये म्हणून प्रायमर मारलाय का, पेट्रोलची टाकी गळते का... लिलावातल्या फोटोवरून यातलं काहीही कळत नाही. त्यामुळे इथे उलटा हिशोब चालतो. 'पंख ९० टक्के तयार' यापेक्षा 'पंख उघडा आहे, आत बघून घ्या' हे जास्त मोलाचं. आपणही दुसऱ्याचा कोड ताब्यात घेताना हेच म्हणतो की. डेमो नको, सोर्स दाखव.

दुसऱ्याने घेतलेले निर्णय आपल्याला कुठे नेतात याचं उदाहरण सगळ्यांच्या ओळखीचं आहे. गायक जॉन डेन्व्हर. १२ ऑक्टोबर १९९७ ला कॅलिफोर्नियात माँटेरेच्या समुद्रात त्याचं लाँग-ईझी विमान कोसळलं. बर्ट रुटानच्या नकाशात पेट्रोलच्या टाक्या बदलायची कळ पायलटच्या समोर, दोन पायांमध्ये होती. ज्याने ते विमान बांधलं त्याने ती पायलटच्या डाव्या खांद्यामागे नेली होती. तिच्यावर खुणा नाहीत, पेट्रोल किती उरलंय ते दाखवणाऱ्या नळ्याही पायलटला सरळ दिसत नाहीत. डेन्व्हरने ते तयार विमान नुकतंच विकत घेतलं होतं. मागे वळून कळ फिरवायला जावं तर पाय आपोआप रडरवर दाबला जातो. चौकशी अहवालात कळीच्या या जागेचा दोष स्पष्ट लिहिला आहे. बांधणाऱ्याने ती हलवली ती चांगल्या हेतूने: पेट्रोलच्या नळ्या कॉकपिटमध्ये नकोत म्हणून. पण त्या जागेची सवय त्याच्या हाताला होती, पुढच्या मालकाच्या नाही.

हे एकट्याचं दुर्दैव नव्हतं. अमेरिकेच्या एनटीएसबीने २०१२ मध्ये घरगुती विमानांचा अभ्यास प्रसिद्ध केला. २०११ मधल्या अशा अपघातांपैकी निम्म्याहून जास्त विमानं स्वतः बांधलेली नव्हती, दुसऱ्याकडून घेतलेली होती.

म्हणूनच मला अमेरिकन नियम शहाणा वाटतो. निम्म्याहून जास्त काम हौशी माणसांनी शिकण्यासाठी किंवा आनंदासाठी केलेलं असलं पाहिजे, आणि त्याचा पुरावा पाहिजे. म्हणजे तारखा, फोटो, पावत्या, कुठल्या दिवशी कोणता भाग जोडला त्याची वही. काम एकाच माणसाने केलं पाहिजे असं नाही. पहिल्याने सोडलं तिथून दुसऱ्याने पुढे नेलं तरी चालतं, पण वही सलग हवी. आणि आपल्या विमानाची वार्षिक तपासणी स्वतः करण्याचं जे सर्टिफिकेट बिल्डरला मिळतं, ते तयार विमान विकत घेणाऱ्याला नाही. मालकी विकत मिळते, माहिती विकत मिळत नाही. लिलावात वही नसलेला पंख म्हणजे निव्वळ भंगार, आणि नीट वही असलेला नुसता सांगाडा म्हणजे अर्धं विमान.

आपल्याकडे हा बाजारच नाही. इबेने २००४ मध्ये 'बाझी' विकत घेऊन भारतात दुकान मांडलं होतं, तेही २०१८ मध्ये बंद झालं. पण हौस मात्र आहे. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत, चारकोपला, इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये ते मुंबईच्या 'मेक इन इंडिया'त ठेवलं होतं. २०१७ मध्ये नोंदणी झाली आणि उड्डाणाचा परवाना हातात पडायला ऑक्टोबर २०१९ उजाडला. बोगार्डसला जे १९४७ मध्ये पटवून द्यावं लागलं, तेच त्यांना सत्तर वर्षांनी पटवून द्यावं लागलं. नियमांत रिकामी जागाच नसेल तर गच्चीवरचं पूर्ण विमानही अर्धवटच राहतं.

असो. तुमच्यापैकी कुणी अमेरिकेत असेल, गॅरेज असेल आणि अशा एखाद्या लिलावावर बोट अडखळत असेल, तर माझं एवढंच सांगणं. बोली लावण्याआधी गाडी काढा, विकणाऱ्याच्या घरी जा, पंखाच्या आधी वही उघडा. आणि त्याला शांतपणे विचारा, तुमच्या हातून कुठे काय बिघडलं आणि ते तुम्ही कसं निस्तरलं? जो लगेच बोट ठेवून दाखवेल त्याचं विमान घ्या. जो म्हणेल 'काहीच बिघडलं नाही', त्याच्याकडचा चहा पिऊन परत या.