जननेंद्रियांवरील त्वचाविकार व गुप्तरोग : भेदनिदानाचा इतिहास

जननेंद्रिये व जांघा यांवरील पुरळ, खाज किंवा व्रण कवकसंसर्गाने, खरजेने, अन्य त्वचाविकाराने की लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या रोगाने झाले, हे ठरविणे म्हणजे त्यांचे भेदनिदान होय. मराठीत ‘गरमी’ हा शब्द उष्णता व उपदंश (सिफिलिस) या दोन्ही अर्थांनी रूढ असल्यामुळे घामाने वाढणारा साधा विकार आणि गुप्तरोग यांची गल्लत सहज होते. तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेले धुळे जिल्ह्यातील सोनगीर हे गाव मुंबई–आग्रा मार्गावर आहे. खानदेशातील कडक उन्हाळा व भट्टीची धग जांघेतील गजकर्णास पोषक ठरतात; हमरस्त्याच्या सान्निध्यामुळे मात्र त्याच खाजेवर गुप्तरोगाची शंका घेतली जाण्याचा संभव असतो.

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात ‘वृषणकच्छू’ हा विकार अस्वच्छतेमुळे साचलेला मळ व घाम यांपासून होतो असे सांगितले असून तो उपदंशाहून वेगळा गणला आहे. तेथील उपदंश हे लिंगावरील नाना कारणांच्या व्रणांचे सामान्य नाव होते. आजचा मर्यादित अर्थ त्यास पुढे आला. सोळाव्या शतकात भावमिश्र याने भावप्रकाश या ग्रंथात परकीयांच्या संसर्गाने होणारा ‘फिरंगरोग’ स्वतंत्रपणे वर्णिला आणि त्यावर पारदकल्प व चोपचिनी हे उपाय सांगितले. चोपचिनीची चर्चा गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याने गोव्यात १५६३ मध्ये छापलेल्या ग्रंथातही आढळते.

ब्रिटिश अंमलात १८६८ च्या सांसर्गिक रोग अधिनियमान्वये वेश्यांची नोंदणी व सक्तीची तपासणी सुरू झाली. मुंबईत तो १८७० मध्ये लागू झाला, काही काळ स्थगित राहिला आणि १८८८ मध्ये रद्द झाला. तपासणी केवळ डोळ्यांनी होई आणि ती स्त्रियांचीच होई. त्यांच्याकडे येणारे पुरुष तीतून सुटत. रोगजंतू तेव्हा बहुतांशी अज्ञातच होते. परम्याचा जंतू नायसर यांनी १८७९ मध्ये, तर उपदंशाचा शाउडिन व होफमान यांनी १९०५ मध्ये शोधला. १९०६ मध्ये वासरमान यांची रक्तपरीक्षा आली. त्वचारोगांतील कवके पॅरिस येथे ग्रूबी यांनी १८४० नंतरच्या दशकात दाखविली होती. मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील एच. व्ही. कार्टर यांनी पायाच्या कवकजन्य रोगावरील (मायसेटोमा) ग्रंथ १८७४ मध्ये प्रसिद्ध केला.

गजकर्ण जांघेत वर्तुळाकार पसरते. त्याची कड उंच व खवल्यांची असून मध्यभाग निवळतो आणि खाज फार असते. मधुमेही व्यक्तींत कॅन्डिडा कवकाने ओलसर लाली व पांढुरका थर येतो. खरजेची खाज रात्री वाढते व ती घरातील अनेकांना होते. उपदंशाचा पहिला व्रण बहुधा एकच, कठीण व वेदनारहित असतो. तो उपचारांवाचूनही काही आठवड्यांत भरून येतो. पुढे तळहात-तळपायांवरही पुरळ उठते, पण त्यास सहसा खाज नसते. जननेंद्रियांवरील हर्पीसमध्ये वेदनायुक्त फोडांचे पुंजके पुनःपुन्हा येतात. परम्यात पुरळ नसून पूस्राव असतो. ही लक्षणे दिशादर्शक आहेत, निर्णायक नव्हेत. त्वचेचे खरवडलेले खवले पोटॅशियम हायड्रॉक्साइडात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास कवक दिसते. उपदंशासाठी रक्तपरीक्षा लागते. अगदी प्रारंभी ती नकारात्मक येऊ शकते, म्हणून काही आठवड्यांनी पुन्हा करावी लागते.

र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये सुरू केलेल्या समाजस्वास्थ्य मासिकाने या विषयाची मराठीत उघड चर्चा केली. १९५४ मध्ये पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा कारखाना स्थापन झाला आणि पेनिसिलिनाचे देशी उत्पादन सुरू झाले. पेनिसिलिनाने उपदंश बरा होतो, कवकसंसर्ग होत नाही. स्टेरॉइडमिश्रित मलमांनी खाज तात्पुरती शमते. परंतु कवक पसरते व पुरळाचे मूळ रूप पालटून निदान कठीण होते. अशा अनेक स्टेरॉइड मलमांची विक्री वैद्याच्या चिठ्ठीशिवाय करण्यास २०१८ मध्ये केंद्र शासनाने मनाई केली. दाद न देणाऱ्या भारतीय गजकर्णातील एका कवकास २०२० मध्ये ट्रायकोफायटॉन इंडोटिनी हे नाव मिळाले.

भेदनिदान चुकल्यास हानी दुहेरी होते. गजकर्णास गुप्तरोग मानल्यास निर्दोष व्यक्तीच्या, बहुधा पत्नीच्या, चारित्र्यावर संशय येतो; उलट उपदंशाचा व्रण आपोआप भरला म्हणून तो साधी ‘गरमी’ समजल्यास रोग शरीरात राहतो आणि गर्भवतीकडून गर्भासही होतो.